वनस्पतींमधली प्रथिनं कर्करोगाच्या पेशींना रोखतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला कर्करोगाचं निदान झालं की आठवड्याभरात फोनवर बिया, रस, पावडरी आणि गोळ्यांची माहिती येऊन पडायला लागते. त्यातलं बरंचसं निराधार असतं. पण वनस्पतींमधल्या प्रथिनांचा विषय तसा नाही. त्यामागे शंभराहून जास्त वर्षांचं खरं संशोधन आहे, म्हणूनच त्यात काय सिद्ध झालंय आणि काय नाही हे नीट कळायला हवं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, हे खरं आहे की नाही?

प्रयोगशाळेत खरं आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर काही ठरावीक वनस्पती-प्रथिनं टाकली की पेशींचं विभाजन मंदावतं, काही वेळा पेशी मरतात. माणसाच्या शरीरात मात्र यातल्या कुठल्याही प्रथिनाने एकट्याच्या बळावर कर्करोग बरा केल्याचा पुरावा नाही.

पेशी मारणं ही या विषयातली अवघड गोष्ट नाही. नेमकी रोगी पेशी ओळखायची, निरोगी पेशीला धक्का लावायचा नाही आणि प्रथिन तिथवर शाबूत पोचवायचं, हे अवघड आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं फिरून याच अडचणीपाशी येतात.

झाडाला अशी प्रथिनं लागतात कशाला?

झाडाला पळता येत नाही. किडा, बुरशी, विषाणू किंवा बी खाणारा प्राणी आला तर जागेवर राहूनच तोंड द्यावं लागतं. म्हणून बियांमध्ये, सालीत, फुलांत अशी प्रथिनं साठवलेली असतात, जी खाणाऱ्याचं पचन बिघडवतात, बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात किंवा शत्रूच्या पेशीतलं प्रथिननिर्मितीचं काम बंद पाडतात. कर्करोग झाडाच्या हिशेबात कुठेच नव्हता. पेशीची यंत्रणा सगळ्या सजीवांत बरीचशी सारखी असल्यामुळे किड्यासाठी घडलेलं हत्यार आपल्या पेशीवरही चालतं, आणि म्हणूनच ते आपल्या निरोगी पेशीवरही चालतं.

सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध बनतं ना? ते हेच का?

नाही. सदाफुलीतून मिळणारी व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन, यू वृक्षाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल ही खरीखुरी, रोज वापरात असलेली औषधं आहेत. पण ती प्रथिनं नाहीत. ते छोटे रेणू आहेत. छोटा रेणू पेशीच्या आवरणातून तुलनेने सहज आत शिरतो आणि कारखान्यात दर वेळी सारखाच बनवता येतो. प्रथिन बहुधा शेकडो अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी असते. ती घडी उलगडली की तिचं काम संपतं. ‘वनस्पतीपासून औषध’ या एका शब्दप्रयोगाखाली या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि एकीचं यश दुसरीच्या नावावर मांडलं जातं.

लेक्टिन म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्यांची दाट लव असते. या शर्करा ओळखून त्यांना घट्ट धरणारं प्रथिन म्हणजे लेक्टिन. १८८८ मध्ये डोर्पाट विद्यापीठात (आजच्या एस्टोनियातलं टार्टू) पीटर हेरमान स्टिलमार्क नावाचा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी एरंडाच्या बियांवर काम करत होता. बियांच्या अर्कामुळे रक्तातल्या लाल पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, हे त्याला दिसलं. त्या प्रथिनाला त्याने रिसिन असं नाव दिलं. ‘लेक्टिन’ हा शब्द १९५४ मध्ये विल्यम बॉइड यांनी आणला. त्याचं मूळ ‘निवडणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

ही निवड हाच कर्करोगाशी असलेला धागा आहे. पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली की तिच्यावरच्या शर्करा बदलतात. कुठे साखळीला जास्त फांद्या फुटतात, कुठे साखळी अर्धवट राहते आणि एरवी झाकलेली शर्करा उघडी पडते. १९६३ मध्ये जोसेफ ऑब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या अर्काने ट्यूमरच्या पेशींच्या गुठळ्या होतात, तर साध्या पेशींवर त्याचा तितका परिणाम होत नाही. त्यांना वाटलं होतं हे अर्कातल्या एका एन्झाइमचं काम असावं. खरं तर सोबत आलेल्या लेक्टिनचं ते काम होतं. वनस्पतीचं प्रथिन रोगी आणि निरोगी पेशीत फरक करू शकतं, ही कल्पना तिथून रुजली.

म्हणजे लेक्टिन कर्करोगाला रोखतातच?

इथे थांबून नीट वाचा, कारण बहुतेक लेखांत हा भाग गाळलेला असतो.

लेक्टिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेला धरतं तेव्हा आत एक संदेश जातो. तो संदेश ‘थांब’ असेल किंवा ‘वाढ’ असेल. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांना आढळलं, की राजम्यातलं फायटोहेमॅग्लुटिनिन हे लेक्टिन शांत बसलेल्या लसिका पेशींना (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) विभाजन करायला लावतं. आजही गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्तातल्या पेशी वाढवायच्या असतील तर ते वापरतात. म्हणजे तेच प्रथिन पेशी वाढवण्याचं साधन आहे!

याहून बोलकं उदाहरण शेंगदाण्याचं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर एक ठरावीक शर्करा उघडी पडलेली असते. शेंगदाण्यातलं लेक्टिन तिला धरतं, आणि प्रयोगशाळेत या पेशी जास्त वेगाने वाढतात. पांढऱ्या अळिंबीतलं लेक्टिनही त्याच शर्करेला धरतं (अळिंबी वनस्पती नव्हे, बुरशी आहे, पण तुलनेसाठी उपयोगी पडते), आणि पेशींची वाढ थांबते. ते लेक्टिन धुऊन काढलं की वाढ पुन्हा सुरू होते. शर्करा एकच, पेशी त्याच, परिणाम उलटसुलट. म्हणून ‘लेक्टिन कर्करोगावर चांगलं’ या वाक्याला काही अर्थ नाही. कुठलं लेक्टिन, कुठल्या पेशीवर, किती मात्रेत, हे सांगितल्याशिवाय काहीच सांगितलेलं नसतं.

रायबोसोम बंद पाडणारी प्रथिनं म्हणजे कोणती?

रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. तो थांबला की पेशीची वाढ थांबते, आणि बराच वेळ थांबला तर पेशी स्वतःच स्वतःला संपवते. या ठरवून घडणाऱ्या मृत्यूला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. कर्करोगाच्या पेशी हीच आत्मनाशाची वाट बंद करून बसलेल्या असतात, म्हणून ती पुन्हा उघडणारी कुठलीही गोष्ट संशोधकांना मोलाची वाटते.

रिसिन हे काम नेमकं कसं करतं ते १९८७ मध्ये जपानच्या एंडो आणि त्सुरुगी यांनी शोधलं. रायबोसोममधल्या आरएनएच्या लांबलचक साखळीतून ते फक्त एक घटक, ४३२४ क्रमांकाचं अ‍ॅडेनिन, खुडून काढतं. हजारो मण्यांतला एक मणी गेला आणि सगळा कारखाना बंद! रिसिनचा एक रेणू मिनिटाला हजाराहून जास्त रायबोसोम निकामी करू शकतो.

रिसिनला दोन साखळ्या असतात. एक लेक्टिन आहे. ती पेशीला धरून आत शिरायची वाट करते. दुसरी आत जाऊन खुडण्याचं काम करते. साबणवेलीतलं सापोरिन, कारल्यातलं मॅप-३०, बोगनवेलीतलं बोगॅनिन, चिनी औषधपद्धतीत वापरल्या जाणाऱ्या पडवळाच्या जातीच्या एका वेलीतलं ट्रायकोसँथिन, यांच्याकडे फक्त दुसरी साखळी असते. कात्री आहे पण दार उघडायची किल्ली नाही, म्हणून ती रिसिनपेक्षा पुष्कळ कमी विषारी असतात.

मग एरंडाच्या किंवा गुंजेच्या बिया थोड्या प्रमाणात घेतल्या तर?

अजिबात नाही. चावून खाल्लेल्या बियांनी माणसं मेली आहेत. गुंजेतलं अ‍ॅब्रिन रिसिनचंच भावंड आहे. या विषावर उतारा नाही. दवाखान्यात फक्त आधाराचे उपचार करता येतात. चुकून बी चावली गेली तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठा.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध रिसिन अगदी मोजून शिरेतून देण्याचा प्रयोगही झालेला आहे. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. फ्लूसारखा अशक्तपणा, अंगदुखी हे सगळं झालं, पण रोगावर भरवशाचा परिणाम काही दिसला नाही. नुसतं विष देऊन भागत नाही हे तेव्हाच कळलं होतं.

त्या विषाला नेमक्या पेशीचा पत्ता देता येत नाही का?

येतो, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वात सुंदर वाटणारी कल्पना ती हीच. लेक्टिनची साखळी काढून टाकायची आणि तिच्या जागी प्रतिपिंड जोडायचं, जे फक्त कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखेल. अशा जोडप्रथिनाला इम्युनोटॉक्सिन म्हणतात.

कल्पना कागदावर निर्दोष होती. शरीराने मात्र एकामागून एक अडचणी उभ्या केल्या. वनस्पतीच्या प्रथिनावर मॅनोज ही शर्करा असते. यकृत ती ओळखतं आणि औषध ट्यूमरपर्यंत पोचायच्या आतच गिळून टाकतं. अमेरिकेत डॅलसच्या एलन व्हिटेटा यांच्या गटाने रिसिनच्या कापणाऱ्या साखळीवरच्या शर्करा काढून टाकून ही अडचण सोडवली. मग रुग्णांच्या केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागलं, अंगाला सूज, रक्तदाब घसरणं, हे व्हायला लागलं. ते सांभाळलं तर शरीराने परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार केली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला औषध वाटेतच निकामी व्हायला लागलं. रिसिन-अ‍ॅब्रिनविरुद्ध शरीर अशी प्रतिपिंडं बनवतं, हे पॉल एर्लिख यांनी उंदरांवर १८९१ मध्येच दाखवलं होतं.

याच तत्त्वावर बनलेली तीन औषधं अमेरिकेत मंजूर झाली: डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स १९९९ मध्ये, तर मॉक्सेट्युमोमॅब पासुडोटॉक्स आणि टॅग्राक्सोफस्प २०१८ मध्ये. तिन्हींमधलं विष जिवाणूंचं आहे, वनस्पतीचं नाही. बोगॅनिन आणि सापोरिन यांच्यावर काम चालू आहे. बोगॅनिनचं असं एक रूप बनवलं गेलं, की जे प्रतिकारशक्तीला कमी डिवचेल.

सोयाबीनबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण सोयाबीनमध्ये दोन प्रथिनं अशी आहेत की त्यांच्यावर खरोखर मन लावून काम झालं.

पहिलं बोमन-बर्क इनहिबिटर. डोनाल्ड बोमन यांनी ते १९४६ मध्ये नोंदवलं, येहुदित बर्क यांनी पुढे शुद्ध करून त्याचा कसून अभ्यास केला. अवघी ७१ अमिनो आम्लं, पण गंधकाच्या ७ टाक्यांनी इतकं घट्ट शिवलेलं, की उष्णतेला आणि जठरातल्या आम्लाला ते सहज दाद देत नाही. प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या एन्झाइमना ते जखडून ठेवतं. ट्यूमरला आजूबाजूच्या ऊतीत पसरताना अशीच कापणारी एन्झाइम लागतात. तीच अडवली तर? प्राण्यांवरचे निकाल आशादायक होते.

मग माणसांवर चाचणी झाली. तोंडात पांढरे चट्टे येतात, ज्यांचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं, अशा रुग्णांना या प्रथिनाचं सांद्र रूप दिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत ३२ पैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे चट्टे स्पष्टपणे कमी झाले. साहजिकच आशा वाढली. पण त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. नंतरच्या मोठ्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना खोटं औषध दिलं, आणि २०१३ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत चट्टे जवळजवळ सारखेच कमी झाले होते. पहिल्या वेळी जे दिसलं ते औषधाचं श्रेय नसावं. हे वाचून वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. तुलनेचा गट कशासाठी लागतो याचं मात्र याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं लुनासिन, ४३ अमिनो आम्लांचं. नाव टागालोग भाषेतल्या ‘इलाज’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेलं. १९९९ मध्ये बर्कलीच्या गाल्वेझ आणि डी लुमेन यांनी लुनासिनचं जनुक पेशींत घातलं तेव्हा त्या पेशींचं विभाजन मध्येच अडकलं. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. लुनासिन त्या रिळांना जाऊन चिकटतं आणि वाढीची जनुकं उघडू देत नाही, असं आजवरचं स्पष्टीकरण आहे. गंमत अशी, की लुनासिन एकटं पोटात गेलं तर पचून जातं. सोयाबीनमध्ये सोबत बोमन-बर्क असतं, म्हणून त्याचा काही अंश वाचतो.

म्हणजे सोया प्रोटीनची पावडर घेतली तर रोग परत येणार नाही?

हाच प्रश्न सरळ तपासला गेलाय. प्रोस्टेटचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढलेल्या, पण रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्या पुरुषांना दोन वर्षं रोज २० ग्रॅम सोया प्रथिन किंवा तुलनेसाठी दुधातलं प्रथिन दिलं. २०१३ मध्ये निकाल आला. रोग उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, आणि फायदा दिसत नाही म्हणून चाचणी वेळेआधीच थांबवली. सोयाबीन वाईट आहे असं यातून निघत नाही. ते चांगलं अन्न आहे, एवढंच.

पण प्रथिन खाल्लं की पचतंच ना? मग ट्यूमरपर्यंत पोचणार कसं?

बरोबर पकडलंत. जठरातलं पेप्सिन आणि आतड्यातली एन्झाइम बहुतेक प्रथिनांचे तुकडे करतात. शिजवल्याने घडी आधीच उलगडलेली असते. काही लेक्टिन मात्र चिवट असतात. शेंगदाणे खाल्ल्यावर त्यांचं लेक्टिन रक्तात सापडलेलं आहे, पण फारच थोडं. राजम्यातलं लेक्टिन नीट उकळलं नाही तर उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर नुसता गरम केलेला राजमा कच्च्याइतकाच त्रासदायक ठरू शकतो. तेव्हा ‘गुणकारी प्रथिन टिकावं म्हणून कच्चं खा’ असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

युरोपात मिसलटोची इंजेक्शनं देतात म्हणे. त्यात काय असतं?

मिसलटो ही दुसऱ्या झाडांवर वाढणारी, बांडगुळासारखी वनस्पती. रुडॉल्फ स्टाइनर यांच्या सांगण्यावरून १९१७ च्या सुमारास तिचा अर्क कर्करोगासाठी वापरायला सुरुवात झाली. त्यात रिसिनच्याच कुळातली, पण सौम्य लेक्टिन असतात. जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये तो आजही बराच दिला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र कर्करोगावरचं औषध म्हणून त्याला मान्यता दिलेली नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून बघा. सर्बियात २२० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला. मिसलटो घेणारे जास्त जगले. पण आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. मग स्वीडनमध्ये २९० रुग्णांवर, कुणाला अर्क आणि कुणाला खोटं इंजेक्शन मिळतंय हे दोघांनाही कळू न देता चाचणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात आयुष्यही वाढलेलं नव्हतं आणि जगण्याची प्रतही सुधारलेली नव्हती.

आणखी कुठल्या प्रथिनांवर काम चाललंय?

शोभेच्या तंबाखूच्या फुलात एनएडी-१ नावाचं डिफेन्सिन असतं, मुळात बुरशीविरुद्धचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ते पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका स्निग्ध रेणूला पकडतं, त्याभोवती जमा होतं, आणि ट्यूमरच्या पेशीला फुगे येऊन ती फुटते. पेशी औषधाला सरावली तरी आवरणाचा स्निग्ध पदार्थ तिला सहजासहजी बदलता येणार नाही, म्हणून ही वाट वेगळी वाटते.

सायक्लोटाइड हा दुसरा गट. यांची साखळी दोन्ही टोकं जुळून वर्तुळ झालेली असते. काँगोमध्ये बाळंतपणात एका वनस्पतीचा काढा देतात, हे लॉरेंट्स ग्रान या नॉर्वेच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. उकळूनही गुण टिकवणारं प्रथिन त्यातूनच मिळालं. या कुळातल्या, सुगंधी व्हायोलेटमधल्या एका सायक्लोटाइडने बशीतल्या कर्करोगाच्या पेशी भराभर मारल्या. उंदरांत मात्र ट्यूमरवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, आणि मात्रा जराशी वाढवली तर उंदीर दगावले.

‘अमुक प्रथिनाने ९० टक्के पेशी मेल्या’ अशी बातमी आली तर काय बघायचं?

पेशी कुठे होत्या ते आधी बघा: बशीत, उंदरात की माणसात. मग त्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं ते शोधा. बातमीत ते नसेल तर बातमी अर्धी आहे. बशीत साबणाचं पाणी टाकलं तरी पेशी मरतात. माणसांवरची चाचणी असेल तर तुलनेचा गट होता का, आणि मोजलं काय, गाठीचा आकार की माणसाचं आयुष्य, हे विचारा. आणि शेवटी कुणी काही विकायला बसलंय का, तेही.

उपचार चालू असताना प्रथिनं खावीत की टाळावीत?

खावीत, भरपूर. ‘प्रथिनं दिली की गाठ वाढते’ या भीतीपोटी रुग्णाला उपाशी ठेवलेलं बघून जीव तुटतो. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे, की कर्करोगाच्या रुग्णाला रोज वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिन मिळावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डाळींची, सोयाबीनची प्रथिनं यात मोजायला हरकत नाही. इथे त्यांचं काम स्नायू टिकवणं आणि पुढची केमोथेरपी सोसायची ताकद देणं हे आहे. सांद्र अर्काच्या गोळ्या हा वेगळा मामला आहे. काही अर्क रक्त पातळ करतात, काही औषधांच्या कामात अडथळा आणतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून न सांगणारे खूप जण भेटतात.

मग आजच्या घडीला रुग्णालयात वनस्पतीचं एकही प्रथिन उपयोगी पडत नाही का?

पडतं, फक्त गिळायच्या रूपात नाही. अननसाच्या देठातल्या ब्रोमेलेनपासून बनवलेलं औषध भाजलेल्या जागेवरची मेलेली त्वचा काढायला वापरतात. युरोपात ते २०१२ पासून मंजूर आहे. पोटाच्या पोकळीत जेलीसारखा चिकट पदार्थ साठवणाऱ्या एका दुर्मीळ ट्यूमरमध्ये, ब्रोमेलेन आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन यांचं मिश्रण थेट त्या जेलीत सोडून ती विरघळवण्याच्या सुरुवातीच्या चाचण्या सिडनीत झाल्या आहेत.

आणि एक प्रथिन तर कर्करोगाच्या तपासणीत रुजलेलंही आहे. यकृताच्या कर्करोगात रक्तात एएफपी हे प्रथिन बऱ्याचदा वाढतं, पण यकृताचा आजार जुना असला तर ते साध्या सुजेनेही वाढू शकतं. कर्करोगाच्या पेशी एएफपी बनवतात तेव्हा त्यावरच्या शर्करेच्या बुडाशी फ्युकोज नावाचा एक जास्तीचा तुकडा जोडतात. मसुरातलं लेक्टिन नेमका तो तुकडा जोडलेलं एएफपी धरून ठेवतं, बाकीचं सोडून देतं. धरलेला हिस्सा किती, यावरून यकृताच्या कर्करोगाचा धोका जोखता येतो. एएफपी-एल३ अशा नावाने अहवालात दिसणारी तपासणी ती हीच, आणि त्यातला ‘एल’ मसुराच्या लॅटिन नावातल्या ‘लेन्स’चा आहे.